एक आरसा कमी : अवकाश-दुर्बिणीतील वर्णपटलेखकाची हकीकत



हबल दुर्बिणीने घेतलेली रंगीत छायाचित्रे आपण कॅलेंडरांवर, वह्यांच्या वेष्टनांवर आणि वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत पाहिली आहेत. ती सुंदर असतात यात शंका नाही. परंतु एखादा तारा कशाचा बनला आहे, तो किती तापलेला आहे, आपल्याकडे येत आहे की दूर चालला आहे, त्याच्या आणि आपल्या मधल्या पोकळीत कोणता वायू पसरला आहे, ह्या प्रश्नांची पुरती उत्तरे छायाचित्रात सापडत नाहीत. त्यासाठी ताऱ्याचा प्रकाश रंगारंगांत फोडून त्याची पट्टी करावी लागते. ही पट्टी दिसावयास रुक्ष असते. तिच्यावर असतात केवळ काही उजळ व काही काळ्या रेघा. कॅलेंडरावर ती कोणी छापणार नाही.

ही पट्टी म्हणजे वर्णपट, आणि तो काढणारे यंत्र म्हणजे वर्णपटलेखक. प्रस्तुत लेखात अवकाशात पाठवलेल्या वर्णपटलेखकांची हकीकत सांगावयाची आहे. मी इतिहास शिकवतो, भौतिकशास्त्र नव्हे. तेव्हा समीकरणांची भीती बाळगण्याचे कारण नाही. ज्या विद्यार्थ्याने आपल्या पाठ्यपुस्तकातील आरसा, भिंग आणि लोलक हे धडे नीट वाचले आहेत त्याला, आणि त्याच्या पालकांनाही, हे सर्व समजेल. ह्या यंत्रांच्या रचनाकारांना प्रथमपासून एकच काळजी लागलेली दिसते : हजारो वर्षे प्रवास करून आलेला प्रकाश आपल्या दुर्बिणीच्या दारात आल्यावर तरी वाया जाऊ नये.

न्यूटनने १६६६ च्या सुमारास अंधाऱ्या खोलीत सूर्यकिरण लोलकातून नेऊन त्याचे रंग वेगळे केले, हे सर्वांस ठाऊक आहे. मात्र त्याच्या खिडकीतील भोक गोल होते. प्रत्येक रंगाचा ठिपका शेजारच्या रंगाच्या ठिपक्यावर चढे, आणि म्हणून रंगांच्या मधे कोठे काही उणे आहे हे दिसण्याचा संभव नव्हता. १८०२ मध्ये वोलस्टन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने भोकाऐवजी अरुंद फट वापरली, तेव्हा रंगांच्या पट्ट्यात काळ्या रेघा दिसल्या. त्याने त्यांचा फारसा पाठपुरावा केला नाही. तो केला जर्मनीतील बव्हेरिया प्रांताच्या फ्राउनहोफरने.

हा फ्राउनहोफर लहानपणीच पोरका झाला आणि म्युनिक येथे एका काचकामगाराकडे उमेदवारीस राहिला. १८०१ मध्ये मालकाचे घर कोसळले आणि हा चौदा वर्षांचा मुलगा ढिगाऱ्याखाली सापडला. त्याला जिवंत बाहेर काढले त्या वेळी तेथील राज्यकर्ता जातीने हजर होता. त्याने मुलाला काही पैसे बक्षीस दिले, आणि मुलाने ते पुस्तकांवर व काच घासण्याच्या यंत्रावर खर्च केले. पुढे १८१४ मध्ये त्याने लोलकामागे एका मोजणीयंत्राची लहान दुर्बीण लावून सूर्याच्या वर्णपटातील ५७४ काळ्या रेघा मोजल्या. ह्या रेघांना आजही त्याचेच नाव आहे. त्या का उमटतात हे मात्र १८५९ मध्ये हायडेलबर्ग येथे किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी दाखवले : प्रत्येक मूलद्रव्य ठराविक जागीच प्रकाश शोषते किंवा बाहेर टाकते. म्हणजे रेघ ही त्या मूलद्रव्याची सहीच होय.

येथे आपल्या कोकणाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण एक गैरसमज फार पसरला आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी आपल्या देशातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. त्यानंतर सूर्याच्या वर्णपटातील एका पिवळ्या रेघेवरून हेलियम ह्या नव्या मूलद्रव्याचा शोध लागला. हा शोध लॉकियर ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावरून लावला असे आपल्याकडे अनेक ठिकाणी सांगतात, आणि किल्ल्यावरील ‘साहेबाचे कट्टे’ पुरावा म्हणून दाखवतात. वस्तुस्थिती अशी की, त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडमध्येच होता, आणि आपले निरीक्षण त्याने ऑक्टोबर १८६८ मध्ये तेथूनच ग्रहणाशिवाय केले. ग्रहण पाहावयास फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आला होता, तोही आंध्रातील गुंटूर येथे. लॉकियर विजयदुर्गला आला हे खरे, पण ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. त्याच ग्रहणाचे वर्णपट घेण्यासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी सोलापूरच्या वाटेवरील जेऊर येथे तळ टाकला होता. विजयदुर्गचा मान ह्याने कमी होत नाही. फक्त त्याची तारीख बदलते. आमच्या विद्यार्थ्यांनी निदान परीक्षेच्या बाहेर तरी खरी तारीख लक्षात ठेवावी.

आता मूळ विषयाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वर्णपटलेखकाचे अवयव ठरून गेले होते. एक फट, तिच्यातून येणारे किरण समांतर करणारे भिंग, रंग फोडणारा लोलक, आणि फुटलेले रंग पुन्हा आपापल्या जागी गोळा करणारे दुसरे भिंग. ही रचना चांगली असली तरी तिच्यात एक खोड होती. काच ही आपल्या डोळ्यांना पारदर्शक आहे. जांभळ्या रंगाच्या पलीकडच्या जंबुपार किरणांना, म्हणजे ज्यांना आपण अल्ट्राव्हायोलेट म्हणतो त्यांना, ती बऱ्याच अंशी अपारदर्शक आहे. ते किरण भिंगातच अडतात.

ही अडचण दूर करणारी युक्ती १८८२ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील हेन्री रोलंड यांनी काढली. जालक ही वस्तू त्यापूर्वीच माहीत होती. जालक म्हणजे अगदी जवळजवळ, सारख्या अंतरावर कोरलेल्या समांतर रेघांचा पृष्ठभाग. त्यावर प्रकाश पडला की रंग वेगळे होतात. घरात एखादी जुनी सीडी असेल तर ती दिव्याखाली तिरपी धरून पाहा. सीडीवर एका मिलिमीटरात सुमारे ६२५ ओळी असतात. रोलंडच्या रेखन-यंत्राने धातूवर एका इंचात १४,४३८ रेघा पडत, म्हणजे मिलिमीटरला ५६८. आज साध्या तबकडीवर दिसणारी ही बारकाई त्या काळी हिऱ्याच्या टोकाने, एकेक रेघ ओढून साधावी लागे.

परंतु रोलंडची खरी कल्पकता रेघांच्या संख्येत नव्हती. त्याने त्या रेघा सपाट पत्र्यावर न ओढता अंतर्वक्र आरशावर ओढल्या. अंतर्वक्र आरसा किरण एकत्र आणतो, हे आपण शाळेत शिकतो. म्हणजे आता एकच पृष्ठभाग रंग फोडूही लागला आणि ते जागेवर गोळा करूही लागला. दोन्ही भिंगे गेली. त्याने असेही दाखवले की आरशाच्या वक्रतेच्या त्रिज्येइतका व्यास असलेले एक वर्तुळ कल्पून, त्याच्या परिघावर आरसा आणि फट ठेवली, तर सगळे रंग त्याच परिघावर स्पष्ट उमटतात. ह्याला रोलंडचे वर्तुळ म्हणतात. पुढची शंभर वर्षे अवकाशात गेलेली अनेक यंत्रे ह्याच वर्तुळाच्या आधाराने बांधली गेली. त्यात एक दोष राहिला : फटीतील एक बिंदू पट्टीवर बिंदू न राहता उभा ताणला जाऊन रेघ होतो. प्रयोगशाळेतील झगझगीत दिव्यासाठी हे चालून जाते. मंद ताऱ्याचा तुटपुंजा प्रकाश असा पसरला तर मात्र तो हाती लागत नाही. ह्या दोषाची आठवण वाचकांनी ठेवावी.

जंबुपार किरणांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. कारण असे की हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन ह्या विश्वातील प्रमुख मूलद्रव्यांच्या सर्वांत ठळक सह्या नेमक्या तेथेच आहेत. अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचे माप म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. आपले डोळे सुमारे ४,००० ते ७,००० अँगस्ट्रॉम एवढेच पाहतात. हायड्रोजनची सर्वांत बलवान रेघ आहे १,२१६ वर. आणि पृथ्वीभोवतीचे ओझोनचे पांघरूण ३,००० च्या खालचे जवळजवळ सर्व किरण अडवते. आपल्या कातडीला ते पांघरूण वरदान आहे. ज्योतिर्विदाला मात्र त्याच्या वर जाण्यावाचून गत्यंतर नाही.

वर जाण्याचे पहिले साधन विचित्र रीतीने हाती आले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी लंडनवर सोडलेली व्ही-२ जातीची अग्निबाणे युद्धानंतर अमेरिकेने आपल्याकडे नेली. शहरे उद्ध्वस्त करण्यासाठी बनवलेल्या त्या बाणांत स्फोटकांच्या जागी वर्णपटलेखक बसला. जून १९४६ मध्ये न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातून उडालेला बाण नाकावर येऊन आदळला, आणि खड्ड्यातून उपकरणाचे काहीच उपयोगी हाती आले नाही. मग रिचर्ड टौसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपकरण बाणाच्या शेपटीच्या पंखात बसवले, आणि १० ऑक्टोबर १९४६ रोजी सूर्याचा ओझोनच्या वरून घेतलेला पहिला जंबुपार वर्णपट पृथ्वीवर सुखरूप परत आला. त्या यंत्रात नेहमीची फट नव्हती. गरगर फिरणाऱ्या बाणातून फट सूर्यावर रोखून धरणार कशी? त्याऐवजी लिथियम फ्ल्युओराइड ह्या क्षाराचे दोन मिलिमीटर व्यासाचे मणी बसवले होते. हा क्षार जंबुपार किरणांना पारदर्शक असतो, आणि मणी गोल असल्यामुळे सूर्य कोणत्याही बाजूस असला तरी त्याचा प्रकाश आत येई. आतला रंग फोडणारा भाग रोलंडचाच : अंतर्वक्र जालक.

त्याच वर्षी लायमन स्पिट्झर ह्या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञाने वातावरणाबाहेर मोठी दुर्बीण नेण्याचे फायदे सांगणारा अहवाल लिहिला. त्या वेळी एकही कृत्रिम उपग्रह आकाशात नव्हता. वाचणाऱ्यांपैकी कित्येकांना ते स्वप्नरंजन वाटले असल्यास नवल नाही.

आता थोडे अंकगणित. आपल्या घरचा आरसा सगळाच प्रकाश परत पाठवतो असे आपण समजतो. जंबुपार किरणांच्या बाबतीत तसे नाही. त्यांच्यासाठी ॲल्युमिनियमचा लेप द्यावा लागतो, पण ॲल्युमिनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडची साय धरते आणि ती किरण गिळते. म्हणून वर लगेच मॅग्नेशियम फ्ल्युओराइडचा पातळ थर देतात. एवढे सोपस्कार करूनही १,२१६ अँगस्ट्रॉमच्या आसपास चांगला आरसा साधारण ८० टक्केच प्रकाश परत देतो असे धरून चालू. दोन आरशांनंतर ६४ टक्के उरतो. तिसऱ्यानंतर ५१. सहा आरसे झाले की २६, म्हणजे चार आण्यांच्या जवळपास. शिवाय जालक स्वतःचा हिस्सा वेगळा घेते तो निराळाच. दुर्बिणीचे दोन आरसे टाळता येत नाहीत. तेव्हा रचनाकाराच्या हातात काय राहते, तर पुढचा प्रत्येक आरसा लावण्यापूर्वी स्वतःला विचारणे : हा खरोखरच हवा का? गृहिणी जसा महिन्याचा खर्च बसवते तसाच हा हिशेब आहे. घरचा खर्च पुढच्या महिन्यात भरून काढता येतो. येथे गेलेला प्रकाश परत येत नाही.

स्पिट्झर यांचे स्वप्न प्रथम ऑगस्ट १९७२ मध्ये साकार झाले. पुढील वर्षी कोपर्निकसच्या जन्माला ५०० वर्षे होणार म्हणून उपग्रहाला त्याचे नाव दिले. त्यात प्रिन्स्टन विद्यापीठाने बांधलेली ८० सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण होती, आणि तिच्यामागे फट व अंतर्वक्र जालक. एकंदर परावर्तने तीनच! काटकसर उत्तम होती. परंतु त्या काळी संपूर्ण पट्टी एकदम टिपणारे साधन हाताशी नव्हते. रोलंडच्या वर्तुळावरून प्रकाशमापक नळ्यांचा गाडा पावलापावलाने सरकत जाई आणि एका वेळी एकेका तरंगलांबीची नोंद घेई. एका ताऱ्याची पट्टी वाचावयास तासनतास लागत. तरीही त्याच गाड्याने ताऱ्यांमधल्या वायूत ड्यूटेरियम ह्या जड हायड्रोजनचे अस्तित्व आणि प्रमाण मोजले. ते हायड्रोजनच्या एक लाख अणूंमागे सुमारे दीड भरले. विश्वाच्या आरंभी किती साधे द्रव्य निर्माण झाले याचा अंदाज करण्यास ह्या आकड्याचा मोठा उपयोग झाला. कोपर्निकस १९८१ पर्यंत चालू होता.

२६ जानेवारी १९७८ रोजी सोडलेल्या आय.यू.ई. ह्या उपग्रहाने पट्टीचा प्रश्न निराळ्या तऱ्हेने सोडवला. त्याची दुर्बीण केवळ ४५ सेंटिमीटरची. बारकाईने फोडलेला वर्णपट फार लांब होतो, आणि त्याला सामावणारा लांब पडदा कोणापाशी नव्हता. रचनाकारांनी एशेल नावाचे जालक घेतले. त्याच्या रेघा विरळ पण पायऱ्यांसारख्या उभ्या उताराच्या असतात, आणि ते अतिशय सूक्ष्म रंगभेद दाखवते. त्याची अडचण अशी की वर्णपटाचे अनेक तुकडे एकमेकांवर येऊन पडतात. मग दुसरे जालक आडवे लावून ते तुकडे एकाखाली एक सरकवले. लांबच लांब ओळीत लिहिलेला मजकूर वहीच्या पानावर ओळीखाली ओळ लिहावा, तसाच हा प्रकार. पान चौकोनी झाले आणि दूरदर्शनच्या कॅमेऱ्यासारख्या चौकोनी पडद्यावर मावले. काटकसरीची गोष्ट अशी की, हे आडवे जालक अंतर्वक्र आरशावरच ओढले होते. त्यामुळे चित्र गोळा करण्यासाठी वेगळा आरसा लावावा लागला नाही. तीन वर्षे टिकेल म्हणून बांधलेला हा उपग्रह सप्टेंबर १९९६ पर्यंत, अठरा वर्षांहून अधिक, चालला. त्याने एक लाखाहून जास्त वर्णपट घेतले. १९८७ मध्ये जवळच्या दीर्घिकेत तारा फुटला तेव्हा नेमका कोणता तारा फुटला हे ठरवण्यातही त्याचा हात होता.

आणि मग आली हबल. २४ एप्रिल १९९० रोजी ती अवकाशात गेली. आरसा २.४ मीटर व्यासाचा, इतका गुळगुळीत की तसा पूर्वी क्वचितच घासला गेला असेल. दोनच महिन्यांत लक्षात आले की तो गुळगुळीत आहे, पण चुकीच्या आकाराला गुळगुळीत आहे. कडेजवळ तो हवा त्यापेक्षा सुमारे २.२ मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाएवढा, अधिक सपाट होता. परिणामी मधल्या भागावरून आलेले किरण एका ठिकाणी आणि कडेवरून आलेले दुसऱ्या ठिकाणी एकत्र येऊ लागले. ह्याला गोलीय विपथन म्हणतात. हे विपथन नवे नव्हते. बसरा येथे जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैसम यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी ज्वलन-आरशांवरील आपल्या ग्रंथांत लिहून ठेवले आहे की, गोल आरशाच्या निरनिराळ्या कड्यांवरून परतणारे किरण निरनिराळ्या बिंदूंत मिळतात, आणि परवलयाकार आरसाच त्यांना एका बिंदूत आणतो. म्हणजे तत्त्व ठाऊक नव्हते असे नव्हे. चूक मोजमापाची होती.

ती कशी झाली हे लू ॲलन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने शोधून काढले. आरशाचा आकार तपासण्याच्या उपकरणातील एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसले होते. अंतर मोजण्याच्या दांड्याच्या टोकावरील टोपीचा लेप थोडासा उडाला होता, आणि प्रकाशकिरण दांड्याच्या टोकाऐवजी त्या टोपीवरून परतला. दुसऱ्या दोन साध्या चाचण्यांत चूक दिसली होती. पण त्या चाचण्या कमी प्रतीच्या म्हणून त्यांचे उत्तर बाजूला ठेवले गेले! ताळा चुकला म्हणून ताळाच खोडून टाकणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. येथे तो प्रकार जगातील सर्वांत महाग दुर्बिणीच्या बाबतीत घडला.

वर्णपटलेखकांना ह्या दोषाचा फटका दुहेरी बसला. ताऱ्याचा ठिपका पसरट झाला. बारीक छिद्रातून पाहावे तर बराचसा प्रकाश छिद्राबाहेर राही. मोठे छिद्र घ्यावे तर रेघा एकमेकींत मिसळत. न्यूटनचे गोल भोक पुन्हा आडवे आले म्हणा ना. सुदैव एवढेच की आरसा अचूकपणे चुकला होता, आणि म्हणून त्याच्या बरोबर उलट चूक असलेला आरसा गणिताने काढता येत होता. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी कोस्टार नावाची पेटी हबलमध्ये बसवली. तीत नाण्याएवढे दहा छोटे आरसे दांड्यांवर जोडीजोडीने बसवलेले होते. ते दांडे बाहेर येऊन त्या त्या उपकरणाच्या वाटेत उभे राहात. ह्या दांड्यांची कल्पना जिम क्रॉकर ह्या अभियंत्यास जर्मनीतील एका हॉटेलात, न्हाणीघरातील वरखाली सरकणारा फवारा पाहून सुचली. दृष्टी सुधारली आणि जगाने टाळ्या वाजवल्या. परंतु आपले अंकगणित आठवा : प्रत्येक वर्णपटलेखकाच्या वाटेत दोन आरसे वाढले होते. चष्मा मिळाला, पण चष्म्याची काच धुरकट होती असे म्हटल्यास फारसे वावगे होणार नाही.

फेब्रुवारी १९९७ मध्ये बसवलेल्या स्टिस ह्या वर्णपटलेखकाने हा चष्मा स्वतःच्या पोटातच घेतला. त्याच्या लांब फटीने दीर्घिकेच्या मध्यभागाचे एका दमात वाचन होऊ लागले, आणि एम-८४ दीर्घिकेच्या गर्भात वायू किती वेगाने फिरतो ते पाहून तेथील कृष्णविवराचे वजन करता आले. १९९९ मध्ये गेलेल्या फ्यूज उपग्रहात तर प्रत्येक वाटेवर एक आरसा आणि एक जालक एवढेच होते. ते १,१५० अँगस्ट्रॉमच्याही खाली पाहणार होते. तेथे मॅग्नेशियम फ्ल्युओराइड चालत नाही, म्हणून लिथियम फ्ल्युओराइड व सिलिकॉन कार्बाइड यांचे लेप वापरले.

माझ्या मते ह्या सगळ्या इतिहासातील सर्वांत देखणी रचना मात्र मे २००९ मध्ये हबलमध्ये बसलेल्या कॉस ह्या वर्णपटलेखकाची. ती कोलोरॅडो विद्यापीठाच्या जेम्स ग्रीन यांच्या नेतृत्वाखाली झाली. ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूर-जंबुपार भागासाठी केवळ एकच पृष्ठभाग ठेवला. तो म्हणजे एक अंतर्वक्र जालक. हे जालक रंग फोडते. तेच त्यांना जागेवर गोळा करते. त्याच्या पाठीचा आकार निव्वळ गोलाचा नाही. हबलच्या मोठ्या आरशाची चूक उलट्या दिशेने त्यातच घडवलेली आहे. आणि रोलंडच्या वर्तुळाचा तो जुना दोष, बिंदूची उभी रेघ होण्याचा? त्यासाठी जालकाच्या रेघा हिऱ्याच्या टोकाने सरळ न ओढता दोन लेसर-किरणांच्या मिश्रणातून उमटवल्या. अशा रेघा किंचित वाकलेल्या आणि कमीअधिक अंतराच्या ठेवता येतात, आणि तो ताण बराच आवरता येतो. एका जालकावर मिलिमीटरला ३,८०० रेघा आहेत. रोलंडच्या जवळजवळ सातपट.

ह्या यंत्राला नेहमीची अरुंद फट नाही. तारा हा स्वतःच ठिपका आहे, मग फट कशाला? एक गोल छिद्र ठेवले, आणि त्यातून हबलचा पसरट ठिपका जसाच्या तसा आत घेतला. दुरुस्ती आत, जालकावर होते. प्रकाशाचा प्रवास असा : मोठा आरसा, लहान आरसा, जालक, आणि थेट शोधक. एकंदर तीन परावर्तने, कोपर्निकस उपग्रहाइतकीच. पण ह्या वेळी एकेका तरंगलांबीऐवजी लांब पट्टी एकदम टिपली जाते. हबलच्या आधीच्या वर्णपटलेखकांपेक्षा कॉस ह्या भागात दहापट आणि त्याहूनही संवेदनशील ठरला. २०११ मध्ये त्याने दूरच्या दीर्घिकांभोवती डोळ्यांना न दिसणारे ऑक्सिजनचे विशाल आवरण असल्याचे दाखवले. त्या वायूतून आरपार येणाऱ्या क्वेसारच्या प्रकाशावर ऑक्सिजनची सही उमटली होती. एवढ्या अंधुक प्रकाशातून ती वाचावयाची तर वाटेत दोन आरसे जादा असून चालले नसते.

अर्थात फुकट काहीच मिळत नाही. पसरलेल्या तेजोमेघाकडे कॉस वळवला तर त्याच्या रेघा अस्पष्ट होतात. ते काम स्टिसच्या फटीनेच करावे. शोधकावर एकाच जागी प्रकाश पडत राहिला की ती जागा थकते. फळ्यावर एकाच ठिकाणी लिहून-पुसून तो भाग गुळगुळीत व्हावा, तसे. म्हणून काही वर्षांनी पट्टी थोडी बाजूला सरकवावी लागते. कॉस बसला तेव्हा कोस्टारची गरज उरली नव्हती. अंतराळवीरांनी ती पेटी काढून पृथ्वीवर परत आणली, आणि ती वॉशिंग्टनच्या संग्रहालयात ठेवण्यात आली.

२५ डिसेंबर २०२१ रोजी गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीत मात्र हा हिशेब उलटा दिसतो. ती अवरक्त, म्हणजे तांबड्याच्या अलीकडील उष्ण किरणांत पाहते. तेथे सोने आणि चांदी ९८ टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत देतात. दहा आरशांनंतरही ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश उरतो. जंबुपारात दहा आरशांनंतर अकरा टक्केसुद्धा उरला नसता. म्हणून तिच्या निअरस्पेक ह्या वर्णपटलेखकात आरशांची संख्या सढळ हाताने ठेवली आहे. काटकसर केली आहे ती वेळेची : ०.१ बाय ०.२ मिलिमीटरच्या सुमारे अडीच लाख झडपा बसवल्या आहेत. हव्या तेवढ्या उघडून शंभरभर दीर्घिकांचे वर्णपट एकाच वेळी घेता येतात.

आपल्या देशाचा ॲस्ट्रोसॅट उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी गेला. त्यातील जंबुपार दुर्बीण बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली, आणि पुण्याची आयुका संस्थाही त्या कामात सहभागी होती. सुमारे ३८ सेंटिमीटर व्यासाच्या ह्या जुळ्या दुर्बिणी मुख्यतः छायाचित्रांसाठी आहेत. वर्णपटासाठी स्वतंत्र पेटी बसवण्यास जागा आणि वजन परवडणारे नव्हते. तेव्हा गाळण्यांच्या चाकातच, एका गाळणीच्या जागी, कॅल्शियम फ्ल्युओराइडच्या चकतीवर ओढलेले जालक बसवले. चाक फिरवून जालक वाटेत आणले की प्रत्येक ताऱ्याचा ठिपका लांबून त्याची पट्टी होते. १८९८ च्या ग्रहणाच्या वेळीही फट नसलेले कॅमेरे वापरले होते. सूर्याची बारीक कोरच तेव्हा फटीचे काम करी आणि रेघा चंद्रकोरीसारख्या वाकड्या उमटत. ॲस्ट्रोसॅटच्या पट्टीची बारकाई कॉसच्या जवळपासही जात नाही. पण ती घेण्यासाठी छायाचित्राचे जे आरसे आहेत त्यांच्यावर एकही आरसा जादा लागत नाही.